गोदाकाठच्या शेडची हिवाळी तयारी : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर 2023 ते फेब्रुवारी 2024

8 ऑक्टोबर 2023

निफाड तालुक्याची थंडी राज्यभर ठाऊक आहे. 2018 च्या डिसेंबरअखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता, आणि त्या आठवड्यात द्राक्षबागायतदारांनी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवल्या होत्या. द्राक्षाच्या काळजीची चर्चा सगळीकडे होते. कोंबड्यांच्या शेडमध्ये त्याच रात्री काय होते, याची नोंद मात्र आमच्या घरात आजवर कोणी ठेवलेली नाही. ती या वर्षी ठेवायची, म्हणून ही वही.

आमचे शेड 60 फूट लांब आणि 20 फूट रुंद असून त्याची लांबी पूर्व-पश्चिम आहे. दोन्ही लांब बाजूंना दीड फुटाची वीट-भिंत, तिच्यावर छपरापर्यंत जाळी, आणि वर लोखंडी पत्रा. आत मे महिन्यात पिल्ले म्हणून आणलेल्या सुधारित गावरान जातीच्या 400 तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आहेत आणि त्या आता अंड्यावर येऊ लागल्या आहेत. शेडच्या दक्षिणेला जाळीचे आवार आहे, तेथे पक्षी दिवसा मोकळे सोडतो.

गेल्या हिवाळ्यात डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते संक्रांत या काळात आमचे 31 पक्षी मेले. ते थंडीने मेले असे आम्ही तेव्हा समजलो आणि ताडपत्रीचा आणखी एक थर लावला. त्यानंतर मरतूक वाढली. डोळ्यांना पाणी, घशात घरघर, पहाटे पत्र्यावरून टपटप गळणारे पाणी आणि आत शिरताच नाकाला झोंबणारा वास, ही सगळी लक्षणे आमच्या डोळ्यांसमोर होती. परंतु त्यांचा अर्थ आम्ही लावला नाही. तो अर्थ पुढे तालुक्याच्या पशुवैद्यकांनी एका वाक्यात सांगितला: पक्षी गारठले नाहीत, गुदमरले.

11 ऑक्टोबर

हिशेब मांडून पाहिला. अंड्यावरची कोंबडी हिवाळ्यात दिवसाला साधारण 200 मिलिलिटर पाणी पिते, म्हणजे 400 पक्ष्यांना 80 लिटर. 55 ग्रॅमच्या अंड्यात पाणी असते सुमारे 36 ग्रॅम, त्यामुळे रोजची 240 अंडी धरली तरी त्यांतून जेमतेम साडेआठ लिटर बाहेर जाते. उरलेले सत्तर लिटर पाणी विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच सांडते. आता शेडच्या हवेत किती पाणी मावते ते पाहू. 20 अंश तापमानाला एक घनमीटर हवा फार तर 17 ग्रॅम बाष्प धरते; 10 अंशाला हा आकडा साडेनऊ ग्रॅमच्याही खाली येतो. आमच्या शेडमधील सगळी हवा मोजली तर सुमारे 300 घनमीटर भरते, म्हणजे ती पूर्ण ओलावली तरी तिच्यात पाच लिटरच्या आसपास पाणी राहील. सत्तर लिटरांपुढे पाच लिटर. पडदे गच्च लावले की उरलेले पाणी पत्र्याला लागते, लिटरमध्ये म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसाच्या थरात उतरते, आणि ओल्या लिटरमधील विष्ठेपासून अमोनिया तयार होतो. गेल्या वर्षी आम्ही ताडपत्री लावून नेमके हेच घडवून आणले होते.

त्यामुळे या वर्षीच्या कामाचा रोख ठरला: पक्ष्यांच्या अंगावर वारा येऊ द्यायचा नाही, परंतु शेडमधील हवा बदलणे एक रात्रही थांबवायचे नाही. कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते आणि पिसांचे पांघरूण तिच्या अंगावरच असते; कोरड्या जागेत बसलेल्या, पोट भरलेल्या मोठ्या पक्ष्याला आपल्याकडची थंडी सहज सोसते. ओल्या पिसांना आणि अमोनियाने सोललेल्या श्वासनलिकेला ती सोसत नाही.

15 ऑक्टोबर

पडदे उतरवले. आजवर ते वरच्या वाशाला बांधलेले असत आणि रात्री खाली सोडले जात. म्हणजे हवेसाठी थोडा उचलला की फट खाली पडे आणि गार वारा थेट पक्ष्यांच्या पोटाखाली शिरे. आता पडद्याची खालची कड वीट-भिंतीला पक्की ठोकली आहे आणि वरची कड दोरी व कप्प्यांच्या आधाराने खालून वर ओढायची आहे. पूर्ण वर ओढला तरी छपराखाली एक फुटाची मोकळी पट्टी दोन्ही बाजूंना संपूर्ण 60 फूट राहील, अशी गाठ दोरीलाच मारून टाकली, जेणेकरून कोणाला मोह झाला तरी पडदा त्याच्यावर जाणार नाही. गार हवा वरून आत येते, छपराखालच्या उबदार हवेत मिसळते आणि मगच खाली उतरते.

पडद्यांसाठी खाद्याच्या रिकाम्या गोण्या उसवून आईने आणि वहिनींनी त्या मशीनवर जोडल्या. उत्तरेच्या बाजूला दुहेरी थर दिला आहे, कारण हिवाळ्यात आमच्याकडे बोचरा वारा उत्तरेकडून येतो. दक्षिणेला एकेरी पडदा पुरेसा आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्यही आमच्याकडे सुमारे 46 अंशांवरच असतो, आणि ते तिरपे ऊन जाळीतून लिटरवर पडू दिले तर तेवढे फुकटचे वाळवण होते.

अण्णांना ती मोकळी पट्टी पटलेली नाही. “आपण थंडीत खिडकी लावून झोपतो, मग त्या मुक्या जिवांना उघड्यावर का झोपवायचे?” हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना 11 तारखेचा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि ते बागेकडे निघून गेले.

24 ऑक्टोबर, दसरा

जुने लिटर काढून बागेच्या बांधावर खतासाठी ढीग लावला. जमीन दोन दिवस उन्हात उघडी ठेवून चुना मारला आणि घोटीच्या भातगिरणीतून आणलेले तूस चार इंच जाडीने अंथरले. उन्हाळ्यात आम्ही दोन इंचच टाकतो. हिवाळ्यात थर जाड हवा, कारण तो पायांखालचा गारठा अडवतो आणि खालच्या भागात विष्ठा कुजताना थोडी ऊबही धरतो.

लिटरची परीक्षा मुठीने करायची, हे ठरवून घरातील सर्वांना दाखवले. मूठभर लिटर दाबून सोडले असता गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. किंचित चिकटून लगेच मोकळे झाले तर योग्य. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडे. मंगळवारी आणि शनिवारी दाताळ्याने खालीवर करायचे.

5 नोव्हेंबर

बसण्याच्या दांड्यांचे काम केले. पूर्वी गोल बांबू होते आणि त्यांवर पक्षी बोटे आवळून बसत, तेव्हा बोटांची टोके उघडी राहत. आता बांबू मधोमध चिरून सपाट बाजू वर ठेवली आहे, त्यामुळे पक्षी पाय पसरून बसतो आणि पोटाची पिसे बोटांवर येतात. बर्फाळ देशांत कोंबड्यांचे तुरे आणि बोटे हिमदंशाने काळी पडतात. आपल्याकडे ती वेळ येत नाही, पण थंड पायांतून जाणारी ऊब शेवटी खाद्यातूनच भरून काढावी लागते. दांडे वीट-भिंतीपासून दोन फूट आत घेतले.

दिव्यांचेही आजच उरकले. डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो आणि अंड्यावरच्या पक्ष्याला 15 ते 16 तास उजेड हवा. दर आठवड्याला अर्धा तास या गतीने उजेड वाढवायचा, आणि वाढीव उजेडाचा मोठा भाग पहाटे द्यायचा. संध्याकाळी दिवा एकदम गेला तर दांड्यावर न चढलेले पक्षी अंधारात जमिनीवरच गोळा होऊन बसतात.

14 नोव्हेंबर, पाडवा

काम बंद. अंडी 171.

26 नोव्हेंबर

दुपारनंतर आभाळ भरून आले आणि संध्याकाळी वाऱ्यासह पाऊस आणि गारा कोसळल्या. जिल्ह्यात आज ठिकठिकाणी असेच झाले आहे. शेजाऱ्यांच्या बागेत मण्यांचा सडा पडला आहे आणि त्यांच्याकडे पाहून आपल्या शेडबद्दल बोलायला जीभ उचलत नाही.

तरीही नोंद करायला हवी. पाऊस पश्चिमेकडून तिरपा आला आणि पश्चिमेच्या आखूड बाजूकडून शिरला, जिथे पडदा लावायचे आम्हाला सुचलेच नव्हते. आतील सुमारे 12 फुटांचा पट्टा भिजून लिटरचा चिखल झाला. आवारातील पक्षी वेळेत आत घेतले; चाळीसेक ओले झाले.

27 नोव्हेंबर

ओले लिटर वरवर भुरभुरून कोरडे करण्याच्या फंदात न पडता तो पट्टा तळापर्यंत खरवडून काढला आणि नवे तूस टाकले. यामागे कारण आहे. ओल आणि ऊब एकत्र आली की कॉक्सिडिया या आतड्यातील परजीवींची अंडी चार-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, आणि मग रक्ती हगवण लागते. अण्णांनी सकाळपासून माझ्याबरोबर खोरे धरले. भिजलेले पक्षी वेगळे काढून बारदानाने पुसले आणि उन्हात ठेवले.

पश्चिमेच्या बाजूला आता उसाच्या पाचटाचा ताटवा उभा केला आहे, परंतु शेडपासून चार फूट दूर आणि वायरिंगच्या वाऱ्यालाही नाही. पाचट थंडी फार छान अडवते आणि त्याहून छान पेटते.

4 डिसेंबर

300 पिल्ले आली. त्यांना जुन्या विटांच्या खोलीत ठेवले आहे. मोठ्या पक्ष्यांबद्दल वर जे लिहिले ते पिल्लांना लागू नाही, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो. पिल्लाला पिसे नसतात आणि पहिले काही दिवस त्याला स्वतःचे तापमान राखता येत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी, असा क्रम ठेवावा लागतो. हिवाळ्यात पिल्लामागे दोन वॅट हा आपल्याकडील रूढ हिशेब आहे. त्यानुसार 100 वॅटचे सहा बल्ब लावले. काल दुपारपासूनच ते चालू ठेवले होते, कारण हवा तापली तरी खालचे तूस आणि फरशी तापायला वेळ लागतो आणि पिल्लू बसते ते फरशीवर. चिक गार्डच्या गोल कड्यात तुसावर कागद अंथरला आणि पहिले पाणी कोमट करून गुळाचे दिले.

तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर उष्णता जास्त आहे, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. संध्याकाळी ती पूर्वेकडे सरकलेली दिसली. शोधले तेव्हा दाराखालची बोटभर फट सापडली. तिथे बारदानाची वळकटी ठेवली.

9 डिसेंबर

रात्री अडीच वाजता वीज गेली. ती सकाळी सातपर्यंत आली नाही.

शेगडीत कोळसे पेटवून खोलीत ठेवावेत, हे सर्वांना प्रथम सुचले आणि मीही उठलो होतो. पण बंद खोलीत कोळशाचा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तो पिल्लांबरोबर राखणीला बसलेल्या माणसालाही सोडत नाही. उपाय आईने काढला. तिने अंगणातला बंब पेटवला, पितळी कळश्यांत कडकडीत पाणी भरले, तोंडे घट्ट बांधून त्यांना बारदान गुंडाळले आणि अशा सहा कळश्या चिक गार्डमध्ये ठेवल्या. वरून चादरी अशा घातल्या की कडेने हवा खेळती राहील. पिल्ले कळश्यांना बिलगून बसली. दर पाऊण तासाने दोन-दोन कळश्या बदलत होतो. सकाळपर्यंत बंबात किती काटक्या गेल्या त्याचा हिशेब नाही.

सात पिल्ले मेली, आणि ती सगळी पहिल्या वीस मिनिटांत, कळश्या पोहोचण्यापूर्वी, एकमेकांवर चढून दबून. ती थंडीने मेली असे म्हणता येणार नाही, गर्दीने मेली. चिक गार्ड गोल ठेवतात तो कोपऱ्यात ढीग होऊ नये म्हणून, पण भीती आणि अंधार यांना गोल कडेही पुरे पडत नाही. म्हणून आज बाजारातून दोन बॅटरीचे दिवे आणले. त्यांनी ऊब मिळणार नाही, परंतु वीज जाताच उजेड राहील आणि पिल्ले जागा धरून राहतील. पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅसच्या ब्रूडरची चौकशी केली आहे.

13 डिसेंबर

मार्गशीर्ष लागला. महिनाभर गिऱ्हाईक कमी, त्यामुळे विक्रीला तयार असलेले जुन्या तुकडीचे 60 कोंबडे आता 11 जानेवारीपर्यंत आमच्याच खाद्यावर. त्यांना शेडमध्ये घुसवण्याचा विचार आला होता, पण 60 पक्षी म्हणजे आणखी दहा-बारा लिटर पाणी रोज, म्हणून तो सोडला. आवाराच्या कोपऱ्यात वीट, पत्रा आणि जाळी वापरून वेगळे खुराडे उभारले. येथे जाळी दुहेरी आणि छपरालाही घातली आहे, कारण गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे आणि थंडीच्या लांब रात्री तो वस्तीजवळ येतो. मुंगसासाठी खालची जाळी एक फूट जमिनीत पुरली.

20 डिसेंबर

नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवर स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरले आहेत. ही महाराष्ट्रातील पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ, 2020 मध्ये जाहीर झालेली, आणि आम्हाला तिचा अभिमानही आहे. परंतु कोंबड्या पाळणाऱ्याने रानबदकांकडे दोन नजरांनी पाहावे लागते. 2006 मध्ये नवापुरात देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा परिसरातील पोल्ट्र्यांतील लाखो पक्षी मारावे लागले होते. म्हणून आवारात खाद्य आणि पाणी ठेवणे आजपासून बंद केले. खाद्य-पाणी आता शेडच्या आतच. बगळे आणि कावळे खाद्यासाठी उतरतात, मग ते कोठून आले हे कोण विचारणार? दाराशी पाय बुडवण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचे पाणी ठेवले आहे. पाणथळीवर पक्षी पाहायला गेलेल्या पाहुण्यांनी त्याच चपलांनी शेडमध्ये येऊ नये, हे सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो.

26 डिसेंबर

पहाटे दाट धुके. शेडमध्ये शिरताच ओळखीचा वास आला आणि पोटात गोळा आला. उत्तरेची वरची पट्टी चुलतभावाने रात्री धुके आत येऊ नये म्हणून रिकाम्या गोण्या कोंबून बंद केली होती. हेतू चांगला होता. दांड्यांच्या उंचीवर टांगलेल्या मापकात आर्द्रता 88 टक्के आणि तापमान 15 अंश. काल याच वेळी ते 13 अंश आणि आर्द्रता 69 होती. म्हणजे दोन अंशांची ऊब मिळाली आणि तिच्या बदल्यात पत्रा गळायला लागला. एका रात्रीत.

माणसाच्या नाकाला अमोनियाची सवय होते, ही यातली मोठी अडचण. 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) वर तो पक्ष्यांना बाधतो, आणि दिवसभर शेडमध्ये वावरणाऱ्याला तोवर तो जाणवेनासा झालेला असतो. म्हणून वास घेण्याचे काम आता घरातील अशा माणसाचे, जो त्या दिवशी शेडमध्ये गेलेला नाही. आज ते काम अण्णांनी केले. ते बाहेर आले, डोळे पुसले आणि काही न बोलता काठीने गोण्या खाली पाडल्या.

15 जानेवारी 2024, संक्रांत

खाद्याची नोंद पाहिली. ऑक्टोबरात पक्षी दिवसाला 104 ग्रॅम खात होता, आता 117. थंडीत ऊब राखण्यासाठी तो जास्त खातो, हे अपेक्षितच. परंतु ही जास्तीची गरज उर्जेची असते, प्रथिनांची नव्हे. त्यामुळे संपूर्ण मिश्रण वाढवण्याऐवजी संध्याकाळी दांड्यावर चढण्यापूर्वी पक्ष्यामागे दहा ग्रॅम भरडलेला मका वेगळा देतो. रात्रभर तो पचत राहतो आणि आतून ऊब देतो. शिंपल्याचा चुराही संध्याकाळीच, कारण अंड्याचे कवच रात्री घडते.

पाणी मात्र ते कमी पितात. छतावरच्या टाकीतील पाणी सकाळी बर्फासारखे लागते, तेव्हा पहिली फेरी विहिरीच्या ताज्या पाण्याची देतो, जे थंडीत कोमट असते. पिल्लांना काल पाण्यातून लासोटा या राणीखेत रोगावरील लसीची दुसरी मात्रा दिली. एरवी तासभर तहानलेले ठेवतो, यावेळी अडीच तास ठेवले आणि पाणीही एक तृतीयांशाने कमी घेतले, नाहीतर लस भांड्यातच राहते. दर लिटर पाण्यामागे पाच ग्रॅम दूध पावडर मिसळली होती.

25 जानेवारी

या हंगामातील आमच्या अंगणातील नीचांक: पहाटे पाच वाजता साडेपाच अंश. शेडमध्ये दांड्यांच्या उंचीवर 11. आर्द्रता 66 टक्के. पत्रा कोरडा. पक्षी दांड्यावर खेटून, पिसे फुगवून, मान आत घेऊन बसलेले. लिटरची मूठ सोडताच मोकळी झाली. अंडी 238.

अण्णा रात्री दोनदा उठून शेडकडे गेले होते. दुसऱ्यांदा माझी झोप उघडली तेव्हा ते पडद्याच्या दोरीपाशी उभे होते. गाठ तपासत होते, असे म्हणाले.

18 फेब्रुवारी

दुपारी 33 अंश आणि पहाटे 12. आता धोका उलटा आहे. सकाळी पडदे खाली घ्यायला उशीर झाला तर दहालाच पक्षी धापा टाकतात. उत्तरेचा पडदा सूर्योदयानंतर अर्ध्या तासात, दक्षिणेचा लगेच, असे ठरवले आहे. डिसेंबरची पिल्ले मोठ्या शेडच्या पूर्वेकडील भागात हलवली. 300 पैकी 286 उरली आहेत.

हंगामात मोठ्या पक्ष्यांची मरतूक नऊ. त्यांतील तीन 26 डिसेंबरनंतरच्या आठवड्यातील आहेत. पश्चिमेच्या बाजूचा कायमचा पडदा पावसाळ्यापूर्वी शिवायचा आहे. गोण्या 40 लागतील, जमवायला सुरुवात केली.